३५ सेंटवाल्या एका कॉमिकला ४६ हजार घातले, जास्तच गेले का?

गोलाईचा_पोरगा, लातूर

नमस्कार मंडळी. लई दिवसांपासून नुसतं वाचायलो इथं, आज पहिल्यांदा लिहायलो, ते पण स्वतःची अक्कल चारचौघांत काढून घ्यायला.

मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, लातुरात दुसरं काय करणार म्हणा. मार्व्हलचं वेड सिनेमापासून लागलं, तिथून जुने अंक, आणि दोन वर्षांपासून हे प्राइस व्हेरियंट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७७ ला अमेरिकेत मार्व्हलचं साधं कॉमिक ३० सेंटला होतं. कंपनीला ते ३५ करायचं होतं पण एकदम वाढवलं तर खप पडंल ही धास्ती, म्हणून जून ते ऑक्टोबर अशी तारीख असलेले अंक मोजक्या गावांत ३५ छापून सोडले आणि बाकी देशात तेच अंक ३० ला. आतलं पान न पान सारखं, फरक कव्हरवरच्या एका आकड्याचा. त्याच्या आदल्या वर्षी पण हेच केलेलं, १९७६ च्या एप्रिल ते ऑगस्टच्या अंकांना, २५ चे ३०. तेव्हा कुणाच्या ध्यानात पण आलं नाही, पोरांनी वाचले, फाडले, रद्दीत गेले, आणि आता त्या एका आकड्यावर जीव टाकणारी माझ्यासारखी येडी जगभर बसलेत.

तर झालं असं की 'किड कोल्ट आउटलॉ'चा ३५ सेंटवाला एक अंक ईबेच्या साइटवर लिलावाला आला. काउबॉयचं कॉमिक, ते पण १९७७ पर्यंत जुन्याच गोष्टी परत छापायचे त्यात, म्हणजे वाचायला कोण घेत नाही, मी पण वाचणार नव्हतोच. पण माझ्या संग्रहात तो नव्हता आणि दोन वर्षांत मला एकदा पण दिसला नव्हता. लिलाव संपणार तिकडं रविवारी संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडं सोमवारी पहाटे साडेचार. अलार्म लावून उठलो, लेकरू उठू नये म्हणून गोधडीत तोंड घालून मोबाइल बघायलो. ठरवलेलं होतं दीडशे डॉलरच्या वर जायचं नाही. एक मिनिट राहिलं तेव्हा १६५ होता. मग म्हणलं एवढं उठलोच आहे तर. मग २२०, २६०, ३१०, समोरचा सोडंना, मी सोडंना, शेवटच्या आठ-दहा सेकंदात मी सरळ ५०० टाकले आणि ४०५ ला माझ्या नावावर पडला. छाती अशी धडधडायली की बायको म्हणली कुणाचा फोन आहे, कोण गेलं.

४०५ डॉलर, वर ३८ पाठवायचे, वर कार्डवाल्यांचा मार्कअप, आणि तीन आठवड्यांनी कुरिअरवाला दारात उभा की ड्यूटी आणि क्लिअरिंगचे सहा हजार तीनशे द्या मगच पाकीट मिळंल. सगळं मिळून ४६ हजाराला घरात पडला. कंडिशन 'व्हेरी गुड', जे कॉमिकच्या भाषेत म्हणजे आपल्याकडचं 'बरंय' एवढंच असतं. कण्यावर ताणाच्या रेषा, खालची पिन गंजलेली, त्या गंजाचा चहाच्या डागासारखा एक ठिपका आतल्या पानावर. पण कोपऱ्यात ते ३५ मात्र स्वच्छ.

हे सगळं मी पचवलं होतं. पण काल रात्री बघतो तर तोच अंक, तोच ३५, माझ्यापेक्षा चांगल्या कंडिशनमध्ये, 'फाइन', गेला फक्त १९० ला. सहा आठवड्यांच्या आत. झोपच लागंना.

आता विचारायचं असं की मी खरंच जास्त दिले, का तो दुसरा नशिबानं स्वस्तात सुटला? आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडं नसलेला आणखी एक वेस्टर्न ३५ सेंटवाला येणार आहे, त्याला कुठं थांबायचं हे ठरवायचं कसं? शिव्या द्या पण कामाचं पण काही सांगा.


मोंढ्यातला_माणूस, जालना

शिवी नाही देत भौ पण ४६ हजारात कितीतरी क्विंटल सोयाबीन येतं. एका पुस्तकाचं वजन किती हो? आणि पिन गंजलेली. चालू द्या.


स्लॅबवाला, नांदेड

पहिले हे सांगा, बिड हिस्टरी, म्हणजे कुणी किती बोली लावली ती यादी, उघडून बघितली का? लोक फक्त शेवटचा आकडा बघतात आणि रडत बसतात.

त्या साइटवर तुम्ही कितीची बोली टाकली ते समोरच्याला दिसत नाही, तुमच्या नावानं मशीन बोलतं, आणि भाव थांबतो तो दुसऱ्या नंबरवाल्याच्या कमाल आकड्याच्या एक पायरी वर. अडीचशे ते पाचशे डॉलरच्या मधी पायरी पाच डॉलरची असते. म्हणजे तुम्ही ५०० टाकले पण पडला ४०५ ला, ह्याचा सरळ अर्थ समोरच्यानं ४०० टाकलेले होते. आता तिसऱ्या नंबरचा कुठं थांबला ते बघा. मी पैजेवर सांगतो तो १५०-१७० च्या आसपास गेलेला असणार. म्हणजे त्या अंकाला बाजारानं दीडशे-पावणेदोनशे म्हणलं होतं, त्याच्या वरचं सगळं तुमच्या दोघांचं आपसातलं.

ह्या व्हेरियंटमध्ये एक गोष्ट लोक विसरतात, दुर्मिळ असणं वेगळं आणि मागणी असणं वेगळं. 'स्टार वॉर्स'चा पहिला अंक ३५ सेंटवाला, किंवा 'आयर्न फिस्ट' १४, ज्यात एक्स-मेनमधला सेबरटूथ पहिल्यांदा येतो, हे पण टेस्टवालेच, म्हणजे त्या भाव वाढवून बघायच्या चाचणीतले. पण त्यांना घेणारे शेकड्यानं आहेत. व्हेरियंटवाले घेणार, स्टार वॉर्सवाले घेणार, एक्स-मेनवाले घेणार, नुसते पैसा गुंतवणारे घेणार. एक गिऱ्हाईक गेलं तर मागं वीस उभे, त्यामुळं भाव वरखाली झाला तरी कोसळत नाही. तुमचा किड कोल्ट कदाचित त्यांच्यापेक्षा पण कमी शिल्लक असंल, वेस्टर्न कोण जपून ठेवतंय, पण तो हवा असणारी माणसं जगात किती? ज्यांना सगळ्याच्या सगळ्या ३५ सेंटवाल्यांचा सेट पुरा करायचाय तेवढीच. त्यातल्या दोघांना एकाच रात्री तो कमी असला की ४०५. दोघांपैकी एकाला मिळून गेला की पुढच्या वेळी १९०.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही भाव खरे आहेत. फक्त ४०५ मधला अर्धा भाव तुम्ही स्वतः होता.


गोलाईचा_पोरगा

आत्ता जाऊन बघितलं. तिसरा १६२.५० ला थांबलाय. तुम्ही तिथं बसून बघत होता का काय.

आणि दुसरा जो होता त्याचं नाव अर्धं लपवलेलं आहे, 'म' मग तीन चांदण्या आणि पुढं ९, फीडबॅक, म्हणजे आधीच्या व्यवहारांचे शेरे, अठराशेच्या वर. कालच्या १९० वाल्या लिलावात पण शोधलं, तिथं तो जिंकलेला नाही आणि त्यानं बोली पण लावली नाही. कळंना, त्याला तर अजून मिळाला नव्हता ना?


स्लॅबवाला, नांदेड

मधल्या सहा आठवड्यांत कुठून तरी त्याला मिळाला असंल. डीलरकडून, कॉमिकच्या जत्रेत, फेसबुकच्या ग्रुपात. सगळे व्यवहार लिलावातच होतात असं थोडंच आहे. किंवा तुमच्यासारखाच पहाटे उठून तापला होता आणि नंतर उतरलं.


उदगीरचा_ढोरवैद्य

मला कॉमिकमधलं शष्प कळत नाही, पोरानं लिंक दाखवली म्हणून वाचलं, पण हे प्रकरण मला ओळखीचं वाटायलंय म्हणून लिहितो.

आमच्याकडं देवणी जनावर. देवणीत तीन प्रकार धरतात, वानेरा, बालंक्या आणि शेवरा. बालंक्या पांढराफेक, वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंड काळं, शेवऱ्याच्या अंगावर काळे बांडे ठिपके. दूध काढायला बसलं, औताला जुपलं तर काय फरक नाही, आतून जनावर तेच. पण हाळी हंडरगुळीच्या बाजारात जाऊन बघा, एखाद्याला वानेराच पाहिजे म्हणजे पाहिजे, कारण घरी एक वानेरा आहे आणि त्याला जोड लावायची आहे. आता तोंडाच्या काळ्या रंगापासून शिंगाच्या वळणापर्यंत जुळणारा दुसरा बैल रोज येत नाही बाजारात. आला की त्या माणसाची अवस्था तुमच्या पहाटेच्या साडेचारसारखी होते.

दहा-बारा वर्षांमागची गोष्ट आहे. दोन गावचे दोन कारभारी, नावं कशाला घ्या, दोघांना एकाच गोऱ्ह्याची जोड पाहिजे. दलालानं उपरण्याखाली ह्याची बोटं दाबली, मग त्याची दाबली, परत ह्याची. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटांवर चालतो, म्हणजे समोरच्यानं किती म्हणलं ते तुम्हाला दिसतच नाही, दलाल सांगंल ते खरं. नांदेडवाले जे मशीनचं सांगायलेत ते वाचून मला त्या दलालाचीच आठवण झाली, फरक एवढाच की मशीन लबाडी करत नसावं. तर तो गोऱ्हा गेला दुपटीच्या वर. मी तपासला होता त्याला, पुढच्या डाव्या खुरात दोष होता, घेणाऱ्याला सांगितलं पण, म्हणला डॉक्टर तुम्ही गप बसा. पुढच्या बाजारात बाजूच्या गावच्या माणसानं तसलाच गोऱ्हा आणला, कारभाऱ्याला पडला तेवढाच भाव मला पण द्या म्हणून दिवसभर दावं धरून उन्हात उभा, आणि संध्याकाळी तसाच हाकत घरी नेला.

फक्त बैल औताला तरी येतो ओ. तुमचं ते पुस्तक वाचायचं पण नाही म्हणता.


मोंढ्यातला_माणूस, जालना

डॉक्टरसाहेब एक नंबर.

आता जरा सरळ लिहितो. आमच्याकडं पाडव्याला, दसऱ्याला मुहूर्ताचा सौदा होतो. हार, नारळ, पेढे, फोटो, आणि त्या पहिल्या ढिगाला खरेदीदार हौसेनं भाव देतो, कधी कधी चालू भावाच्या लईच वर. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं सोयाबीनला अमुक इतका उच्चांकी भाव. मोंढ्यातलं शेंबडं पोर पण ओळखतं की तो मुहूर्ताचा भाव आहे, बाजारभाव नाही. पण जो शेतकरी बाजारात रोज येत नाही तो पेपर वाचून ट्रॅक्टर भरून घेऊन येतो आणि मग आडत्याशी भांडतो.

तुमच्या ह्या धंद्यात मला तीच गंमत दिसायली. वर्षातून दोनदा विकणारी वस्तू, म्हणजे प्रत्येक सौदा मुहूर्ताचाच. रोजची आवकच नाही तर बाजारभाव म्हणायचं कशाला?


संग्राहकाची_बायको, छत्रपती संभाजीनगर

इथं बाकी सगळे पुरुषच दिसतात म्हणून पहिला प्रश्न मीच विचारते, घरात खरा आकडा सांगितला का? का ४६ चे १६ केले? आमच्या ह्यांनी एकदा असंच केलं होतं, बॉक्सवरचं बिल काढून टाकलं आणि कस्टमची पावती पँटच्या खिशात विसरले. धुताना मिळाली. तेव्हापासून आमच्या घरात बोली मी लावते.

हसू नका, खरंच सांगते. ह्यांचं काम अंक शोधायचं, स्कॅन मागवायचे, खरा-खोटा बघायचा. आकडा आम्ही दोघं मिळून रात्री जेवताना ठरवतो, आणि तो डॉलरमध्ये नाही, रुपयात, घरात पडेपर्यंतचा. म्हणजे समजा पंचवीस हजार ठरले तर त्यातून कुरिअर, कार्डाचे, ड्यूटीचे आधी वजा करायचे आणि उरलेल्याचे डॉलर करायचे. तिथंच निम्मी हवा जाते, कारण २०० डॉलर म्हणताना काही वाटत नाही हो, तो परक्या देशाचा पैसा वाटतो. मग तो आकडा मी एकदाच टाकते आणि आम्ही झोपतो. पहाटे उठणं बंद. लागला तर लागला. सकाळी दूध तापवताना मोबाइल बघायचा.

भाऊ, तुम्ही पन्नास-साठ वाढवत वाढवत गेलात ना, तिथं चूक झाली. १६५ ला तुम्ही स्वतःला जे म्हणालात, 'एवढं उठलोच आहे तर', ते वाक्य आमच्याकडं पैठणीच्या दुकानात बायकांच्या तोंडी असतं. एवढं आलोच आहोत तर.


गोलाईचा_पोरगा

ताई, खरा आकडा सांगितला नव्हता. तुमची पोस्ट वाचून सांगितला. दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.


रद्दीवाला_काका, परभणी

पोरगं रडवेलं झालंय आणि तुम्ही सगळे धुवायलात त्याला, जरा मी पण बोलतो, वयानं मोठा आहे तुमच्यापेक्षा.

मी इंद्रजाल कॉमिक्सवाला. वेताळ, मँड्रेक, बहादूर. १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, पण आमच्या डोक्यात अजून चालूच आहे. नानलपेठेत एक रद्दीवाला होता, त्याच्याकडून किलोवर आणायचो. आता ऑनलाइन लिलाव सुरू झालेत आपल्याकडं पण, ग्रुपवर फोटो टाकतात आणि रात्री नऊपर्यंत कमेंटमध्ये बोली. तिथं मी मराठी इंद्रजालाचा एक अंक १८०० ला घेतला, कव्हरचा कोपरा उंदरानं खाल्लेला, कारण चाळीस वर्षांपासून तेवढी एक जागा मोकळी होती माझ्या कपाटात. पुढच्या पावसाळ्यात एका वाड्याचं सामान निघालं, त्या पोत्यात तोच अंक मिळाला, दहा रुपयाला, कोरा करकरीत. मग मी काय करावं? १८०० वाला फेकून द्यावा? दोन्ही ठेवलेत. उंदरानं खाल्लेला जास्त आवडतो, तो आधी आला.

आणि फसण्याचं म्हणाल तर तुमचं काहीच नाही. एकानं मला इंग्रजी इंद्रजालचा १२३ नंबर देतो म्हणून सांगितलं, लई रेअर काका, कुणाकडंच नाही, पाच हजार. म्हणलं बाबा खरंच कुणाकडं नाही, कारण तो निघालाच नाही. १२३ आणि १२४, इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्समधल्या संपामुळं, छापलेच गेले नव्हते. फोनच कट केला त्यानं. जगात जर्मनी भारतात परभणी, आम्हाला कुठं फसवायला आला.

तुझं पुस्तक तरी खरं आहे ना? ते तपास आधी. पैशाचं नंतर रड.


स्लॅबवाला, नांदेड

काका बरोबर बोलले, हा मुद्दा राहिलाच होता. सगळा खेळ एका आकड्याचा म्हणल्यावर तो आकडा बनवणारे पण आहेतच. दुसऱ्या अंकातून ३५ कापून चिकटवतात, किंवा साध्या अंकावर कलाकारी करतात. किंमत असलेल्या कोपऱ्याचा मोठा स्कॅन मागवायचा, भिंग लावून बघितलं की छपाईचे ठिपके चौकटीच्या आत आणि बाहेर सारखे चालतात का ते कळतं, कागदाची कड उचललेली असली तर तिरक्या उजेडात दिसते. नोव्हेंबर १९७७ पासून तर सगळ्यांचीच किंमत ३५ झाली, म्हणजे त्या पुढच्या तारखेचा ३५ सेंटवाला अंक कुणी व्हेरियंट म्हणून गळ्यात मारत असंल तर त्याला रामराम करायचा.

'स्टार वॉर्स'मध्ये तर लई जण फसलेत. त्या अंकांना एवढी मागणी आली की कंपनीनं परत परत छापले आणि त्या रिप्रिंटवर पण ३५ च आहे. खऱ्या टेस्टवाल्यावर किंमत चौकोनी डब्यात असते आणि खाली बारकोडच्या रेघा असतात. रिप्रिंटवाल्यांत किंमत बऱ्याचदा शंकरपाळ्यासारख्या चौकटीत आणि बारकोडचा डबा मोकळा, कुठं तर कव्हरवर नाही तर आत बारीक अक्षरात रिप्रिंट असं लिहिलेलं. शंकरपाळी दिसली की पुढं जायचं, एवढं ध्यानात ठेवा.

स्लॅब घेतला तर बरं, म्हणजे घरावरचा स्लॅब नव्हं, ग्रेडिंगवाले प्लॅस्टिकच्या डब्यात सील करून देतात तो. सीजीसी नावाची ग्रेडिंग कंपनी २००० पासून हे करायलीय, त्यांच्या लेबलवर ३५ सेंट प्राइस व्हेरियंट असं स्पष्ट लिहिलेलं येतं आणि नंबर टाकला की साइटवर तपासता येतं. डबा उघडून आतलं बदलायचे प्रकार झालेत म्हणून डब्याच्या कडा पण बघायच्या, डोळे झाकून विश्वास कुणावरच नको.

आता पुढच्या लिलावाचं. ईबेवर विकल्या गेलेल्यांचा फिल्टर लावला तर साधारण तीनेक महिन्यांचं दिसतं, तेवढ्यानं तुमच्या वेस्टर्नचं भागणार नाही कारण तीन महिन्यांत एखादाच विकतो. हेरिटेज ह्या लिलाव कंपनीच्या साइटवर लॉगिन करून जुने लिलाव बघा, तिथं लई मागचं मिळतं, फक्त त्यांचा आकडा बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून वर घेतात ते कमिशन, धरून असतो हे ध्यानात ठेवा. त्याच अंकाचे नाही मिळाले तर शेजारच्या महिन्याच्या वेस्टर्नचे काढा. पाच-सहा सौदे जमले की सगळ्यात वरचा काढून टाका, तो कुणाचा तरी पहाटेचा साडेचार असतो. आणि प्रत्येक सौद्यात दुसरा-तिसरा कुठं थांबला ते लिहा, जिंकणाऱ्याचा आकडा नका लिहू. मला स्वतःला तिसऱ्याच्या आकड्यावर सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. एकटा वेडा असतो, कधी दोन असतात, तिसरा बहुतेक शहाणा असतो.

विकायचं म्हणाल तर आत्ता विकू नका. १९० चा सौदा ताजा आहे, समोरचा तेच दाखवंल.


मोंढ्यातला_माणूस, जालना

तिसऱ्याचा भाव. हे मी उद्या मोंढ्यात सांगणार आहे.


गोलाईचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, अपडेट द्यायला उशीर झाला, बारावीच्या परीक्षा होत्या.

अंक तपासला, भिंगानं, क्लासच्या लॅबमधून आणलेल्या. ठिपके सरळ चाललेत, खरा आहे. काका, पहिलं तेच केलं.

मग पुढच्या लिलावासाठी वही केली. दोन वर्षांतले वेस्टर्न ३५ सेंटचे सात सौदे मिळाले, वरचा काढला (माझाच होता), तिसऱ्यांचे आकडे लिहिले, ९० पासून १७० पर्यंत आले. बायकोला दाखवलं. ती म्हणली घरात पडेपर्यंत सतरा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. सतरा हजारातून कुरिअर, कार्ड, ड्यूटी काढली तर उरले १४० डॉलर. रात्री साडेदहाला तिच्याच हातानं टाकले आणि मोबाइल तिच्या उशीखाली.

झोप नाही लागली ते सांगतो. साडेचारला जाग आलीच, छताकडं बघत पडलो, पंखा मोजत. सहाला तिनं मोबाइल दिला. आउटबिड. ३१० ला गेला.

हिस्टरी उघडली. जिंकणारा तोच, 'म', तीन चांदण्या, ९. त्याच्या खाली एक नवीनच माणूस, फीडबॅक फक्त २३, त्यानं शेवटच्या मिनिटात अकरा वेळा बोली वाढवलेली. आणि तिसरा मी, १४०.

वाईट वाटलं थोडं, खोटं कशाला बोलू. त्या २३ वाल्याला मेसेज करावा वाटायला पण करता येत नाही.

एकच विचारायचं राहिलं, हे अंक जपायला मायलारची, म्हणजे त्या पारदर्शक प्लॅस्टिकची, पाकिटं आपल्याकडं कुठं मिळतात? दमटपणाची काळजी नाही, लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं २०१६ ला, दमट कुठून होणार, पण कपाटातल्या पुस्तकांना कसर लागली मागच्या वर्षी.


रद्दीवाला_काका, परभणी

डांबराच्या गोळ्या ठेवू नको, वास जात नाही, माझे चाळीस वेताळ अजून संडासासारखे वास मारायलेत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढ आणि महिन्यातून एकदा सगळे बाहेर काढून पानं हलव. पाकिटाचं मला मेसेज कर, पुण्याहून मागवणार आहे, तुझी पण सांगतो. किती पाहिजेत?